मला तसं म्हणायचं नव्हतं

अकरावीत असताना धाकट्या भावाने माझ्या जर्नलवर चहा सांडला. मी ओरडलो, "तू नसतास तर बरं झालं असतं!" तो आठ वर्षांचा होता.

जिम हेन्सनचा 'लॅबिरिंथ' (१९८६) अशाच एका वाक्यावर उभा आहे. वैतागलेली सारा म्हणते, या रडक्या भावाला गॉब्लिन्सनी न्यावं. ते खरंच नेतात. आपल्याला तसं म्हणायचं नव्हतं, असं ती लगेच सांगते. गॉब्लिन राजाला त्याच्याशी घेणंदेणं नाही. भाऊ हवा तर तेरा तासांत भूलभुलैया पार कर.

तेव्हा अमेरिकेत आपटलेला हा सिनेमा लोक आज आपल्या पोरांना दाखवतात. डेव्हिड बोवीची गाणी हे कारण आहेच. मला मात्र हॉगल धरून ठेवतो. हा ठेंगू घाबरून साराला दगा देतो, नंतर शरमेने परत येतो. सुटाच्या आत एक कलाकार, चेहरा रिमोटने हलवणारे आणखी चौघं. हे माहीत असूनही ती शरम खरी वाटते.

हेतू वाईट नव्हता, हे खरंच असतं. पण त्याने फक्त आपल्याला बरं वाटतं. ज्याला लागलं, त्याच्यापर्यंत चालत जावंच लागतं. कोडमधली चूक मी एका कमांडने मागे घेतो. इथे तशी कमांड नाही.

बाहुलीच्या शरमेला पाच माणसं लागली. मला एक फोन करायला अकरा वर्षं.

"आठवतंय," भाऊ म्हणाला. मग बराच वेळ कोणीच फोन ठेवला नाही.