सोडलेला हात

आमच्या वारणाकाठच्या गावाची जत्रा चैत्रात. पालखी देवळात परतली की सगळा गाव कुस्तीच्या मैदानावर. १९७८ साली एक नंबरची कुस्ती माझ्या चुलत्याची, तात्यांची लागली. इनाम पाचशे एक रुपये. मी दहा वर्षांचा, पार पुढं मातीला पाय लावून बसलेला.

तात्या कोल्हापूरच्या तालमीत चार वर्षं राहून आलेले. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानातही एकदा लढलेले. पण पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. घरची एक म्हैस त्यांच्यापायीच, तरी दुकानदाराची उधारी होतीच. इनाम त्या उधारीत जाणार, हे घरात ठरून गेलं होतं.

पाऊण तास झाला तरी कुस्ती निकाली होईना. शेवटी तात्यांनी पाहुण्या पैलवानाला खाली घेतलं, कब्जा धरला आणि त्याचा हात पाठीमागं नेऊन पिळला. तरी तो उलटेना. मैदानातून ओरडा उठला, "मोड! मोड!" मीही ओरडलो. अन् तात्यांनी हात सोडला. अंधार पडला तशी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. इनाम निम्मं झालं. गाव म्हणालं, नुरा कुस्ती! पैसे खाल्ले!

रात्री चुलती भाकरी थापता थापता म्हणाली, "दया दाखवलीसा, पर कुणाच्या पैशानं? उधारीवाला माझ्या दारात येतूय."

तात्या म्हणाले, "खांदा कुरकुरला हातात. इनाम पाठ लावायचं हुतं, हात मोडायचं न्हाई. त्येला बी उद्या औत धरायचं असंल."

चुलतीचं काय चुकलं, हे मला आजही सांगता येत नाही.

लोक म्हणतात, पैलवान राजीखुशीनं मातीत उतरतो, मग दुखापत त्याची त्यानं सोसावी. खरंच, मोडलेले कान आणि दुखरे गुडघे त्यानं धरूनच चाललेले असतात. पण उधारीनं ढकललेल्या माणसाची खुशी किती आणि नाइलाज किती? शिवाय त्यानं कबूल केलेलं असतं पडणं. जन्माचं अधू होणं नव्हे. मॅटवरच्या कुस्तीत हात नव्वद अंशांपलीकडं पिळायला बंदी आहे. आमच्या मातीत तेव्हा होती ती पंचांची शिट्टी आणि समोरच्याची नियत. त्या दिवशी शिट्टी वाजली नाही.

तात्यांच्या हातात एका माणसाचा खांदा होता, म्हणून त्यांना तो कुरकुरलेला कळला. आमच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून ओरडणं सोपं गेलं. तो खांदा निखळला असता, तर त्यात माझ्याही ओरडण्याचा वाटा असता. आणि नाही निखळला, त्याची किंमत मात्र एकट्या चुलतीनं भरली.

मी अजून मैदानाला जातो. जोड रंगली की ओरडतोही. पण कुणाचा हात मागं गेला की तोंड आपोआप मिटतं, आणि डोळे आधी पंचांकडं जातात.