दोन षटकांमधला खेळ

सहावा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात जातो न जातो तोच पडद्यावर जाहिरात येते. आधी वेलचीची, मग मोबाइलची. पुन्हा मैदान दिसतं तेव्हा नवा गोलंदाज धावायला लागलेला असतो. मधल्या पाऊण मिनिटात स्लिप काढली का, डीप स्क्वेअर लेगचा क्षेत्ररक्षक दहा पावलं आत आला का, कर्णधार गोलंदाजाशी इतका वेळ कशाबद्दल बोलत होता, फलंदाजांनी खेळपट्टीच्या मधोमध येऊन काय ठरवलं, यातलं काहीही आपल्याला दिसत नाही. कर्णधारपद म्हणून जे काही असतं ते बहुतेक याच वेळात पाहायला मिळतं. तीन चेंडूंनी फलंदाज डीप स्क्वेअर लेगलाच झेल देतो आणि समालोचक त्याला फलंदाजाची चूक म्हणतो. सापळा लावला गेला तेव्हा आपण जाहिरात पाहत होतो.

ही तक्रार बारीकसारीक वाटेल. पण प्रेक्षकाला सामना पाहण्याचा हक्क आहे, ही कल्पना आपल्याकडे कुठून आली आणि कुठे येऊन अडकली, याचा माग काढू लागलं की या पाऊण मिनिटाचं मोल कळतं.

आकाशवाणीच्या काळात हक्काचा विषयच नव्हता. 1885 च्या तार कायद्याच्या आधारावर प्रक्षेपण सरकारच्या हातात होतं. सरकार ऐकवेल ते लोक ऐकत. तरी त्या व्यवस्थेत श्रोत्याला एक गोष्ट भरभरून मिळत असे. रेडिओला चित्र नाही, त्यामुळे षटक संपलं की क्षेत्ररचना सांगावीच लागे. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले बाळ ज. पंडित मराठीतून धावतं वर्णन करत, तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोक्यात अख्खं मैदान उभं राहत असे. मैदान कधीच न पाहिलेल्या माणसालाही गली म्हणजे कुठे आणि कव्हर म्हणजे कुठे, हे ठाऊक असायचं.

मग दूरदर्शन आलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे असा उलटा कारभार होता की सामना दाखवायचा तर क्रिकेट मंडळानेच दूरदर्शनला पैसे मोजावेत. 1993 च्या नोव्हेंबरात बंगाल क्रिकेट संघटनेने हीरो कपच्या प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले आणि ठिणगी पडली. सरकारने हरकत घेतली. कंपनीची उपकरणं मुंबईत कस्टम्सने अडवली. सचिनने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध टाकलेलं ते शेवटचं षटक आणि अंतिम सामन्यात कुंबळेने 12 धावांत घेतलेले सहा बळी आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहेत. त्याच स्पर्धेचं चित्र कोणी टिपायचं, यावरून तेव्हा न्यायालयात झगडा चालू होता.

त्याचा निकाल 9 फेब्रुवारी 1995 ला लागला. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, आणि पैशाच्या जोरावर उभी राहिलेली खाजगी मक्तेदारीही चालणार नाही. त्यांचा वापर लोकहितासाठी व्हावा आणि त्यावर समाजातल्या सगळ्या घटकांचं प्रतिनिधित्व असलेल्या स्वायत्त प्राधिकरणाची देखरेख असावी. हा निकाल माध्यमस्वातंत्र्याच्या चर्चेत नेहमी येतो. क्रीडाप्रेमी मात्र तो फारसे वाचत नाहीत, याची मला खंत वाटते. कारण पुढे पुण्यात स्थायिक झालेल्या सावंतांनी त्यात आपल्या कामाचा एक विचार मांडला आहे. सामन्याचं प्रक्षेपण करमणूक तर करतंच, पण आज खेळणाऱ्या आणि उद्या खेळू पाहणाऱ्या मुलांना ते शिकवतंही. म्हणून ते अभिव्यक्तीच्या आणि माहितीच्या हक्कात बसतं. प्रेक्षक हा शिकणारा माणूस आहे, हे इतक्या स्पष्टपणे आपल्याकडे कोणत्याही क्रीडा संघटनेने कधी म्हटलं नाही. ते एका न्यायाधीशाने म्हटलं.

निकालाचा अर्धाच भाग अमलात आला. सरकारची मक्तेदारी गेली, बाजार खुला झाला. त्याचे फायदे मी नाकारणार नाही. 26 जुलै 2014 ला वरळीच्या एनएससीआयमध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, तेव्हा महाराष्ट्राच्या मातीतला हा खेळ पहिल्यांदा इतक्या जवळून दिसला. चढाई करणाऱ्याचा एक पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकलेला आणि दुसरा हवेत, हे कॅमेऱ्याने दाखवलं. गावच्या मैदानावर पंचाशी हमरीतुमरी व्हायची ती याच पायावरून. खाजगी वाहिनीने पैसा आणि कल्पकता ओतली नसती तर हे घडलं नसतं.

लोकांच्या हक्काचा प्रश्न मात्र पुन:पुन्हा वर येत राहिला. 2004 मध्ये भारतीय संघ पाकिस्तानात गेला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की वाहिनीने चित्र दूरदर्शनलाही द्यावं. 2007 च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत वाद इतका चिघळला की दूरदर्शनला सामना सात मिनिटं उशिराने दाखवण्याची परवानगी मिळाली. केबल असलेल्या शेजाऱ्याच्या घरातून ओरडा ऐकू यायचा आणि दूरदर्शनवर अजून मागच्या षटकाचा खेळ चाललेला असायचा. त्याच वर्षी कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र खाजगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला देणं बंधनकारक झालं. 2017 मध्ये न्यायालयाने त्याची व्याप्ती आखून दिली. ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवता येतं, केबलवाल्यांमार्फत नाही. आयपीएल तर या यादीतच नाही.

पैशाने दरम्यान कुठलं टोक गाठलं ते पाहा. 2023 ते 2027 या पाच वर्षांचे आयपीएलचे हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. 410 सामने धरले तर सामन्याला 118 कोटी आणि चेंडूला सुमारे 49 लाख. एवढे पैसे मोजणारी कंपनी षटकांमधली पाऊण मिनिटं प्रेक्षकाला का सोडेल? ती विकली जाणारच. म्हणून वाहिनीच्या चांगुलपणावर विसंबण्यात अर्थ नाही, नियमच हवा.

2022 च्या त्या लिलावात टीव्हीचे हक्क एका कंपनीकडे गेले आणि इंटरनेटचे दुसरीकडे. स्पर्धा टिकेल असं वाटलं, आणि 2023 मध्ये मोबाइलवर आयपीएल फुकट, मराठीसह बारा भाषांत दिसली. मराठी समालोचन करणारा केदार जाधव त्याच हंगामात बंगळूरच्या संघात खेळायला गेला. नुकत्याच मैदानावरून आलेल्या माणसाकडून आपल्या भाषेत खेळ समजून घेण्याची ती संधी मला मोलाची वाटली. नोव्हेंबर 2024 मध्ये दोन्ही समूहांचं एकत्रीकरण झालं आणि टीव्ही व इंटरनेट एका छताखाली आले. स्पर्धा आयोगाच्या मंजुरीत अट होती की क्रिकेटच्या जाहिरातींसाठी टीव्ही आणि इंटरनेटचा वेळ एकत्र बांधून विकायचा नाही. म्हणजे जाहिरातदाराची बाजू तिथे ऐकली गेली. प्रेक्षकाच्या वतीने बोलायला कोणती संघटना आहे?

समालोचकांकडून ही अपेक्षा करता येत नाही. मायदेशातल्या सामन्यांत त्यांची निवड मंडळाच्या मर्जीबाहेर होत नाही. 2016 मध्ये हर्षा भोगले आणि 2020 मध्ये संजय मांजरेकर बाजूला झाले, आणि कारण जाहीरपणे कोणी सांगितलं नाही. दोघेही पुढे परतले. पण त्यानंतर माइकसमोर बसणारा प्रत्येक जण शब्द तोलूनच बोलणार.

आणखी एक अडचण खोलवरची आहे. 1995 चा सारा युक्तिवाद लहरींवर उभा होता. लहरी मर्यादित, म्हणून त्या सर्वांच्या. इंटरनेटवरून येणाऱ्या सामन्याला तो युक्तिवाद लागू पडत नाही. मला वाटतं, लोकांचा हक्क आता लहरींवरून खेळावर आणायला हवा. वानखेडे स्टेडियम सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभं आहे. संघ देशाचं नाव लावून खेळतो. बंदोबस्ताला राज्याचे पोलीस असतात. यातून जे उभं राहतं त्याचं चित्र कोणीही विकावं, त्यातून कमवावं. पण शेवटच्या चेंडूपासून पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूपर्यंत मैदान पडद्यावर राहिलं पाहिजे. जाहिरात हवी तर डावांच्या मध्ये, गडी बाद झाल्यावर, पेयपानाच्या वेळी दाखवा. आणि 2007 चा कायदा इंटरनेटलाही लागू करा. खासदारांकडे आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ही मागणी आपण प्रेक्षकांनीच लेखी करायला हवी. न्या. सावंतांच्या पीठाने जे स्वायत्त प्राधिकरण तातडीने नेमायला सांगितलं होतं, ते तीस वर्षं उलटून गेली तरी स्थापन झालेलं नाही.