जोत्याची उंची

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उभ्या राहणाऱ्या माणसाची दृष्टी आपोआपच वर जाते, कारण शिवछत्रपतींचा 21 फुटांचा अश्वारूढ पुतळा तेथे 31 फुटांच्या चौथऱ्यावर विराजमान आहे. अठराशे सत्तावन्नच्या उठावातील शिपायांना जेथे देहदंड दिला गेला असे सांगतात, तो काळा चबुतराही याच परिसरातला. जे पूजनीय ते उंचावर ठेवावे हा आपला जुना संस्कार आहे, आणि स्मारकाच्या बाबतीत त्यात वावगे काही नाही, कारण स्मारकाकडे मान वर करून पाहावयाचे असते, त्यावर चढून जाऊन बसावयाचे नसते. परंतु तोच संस्कार आपण विद्यालयाच्या इमारतीलाही लावला. देवळाला पायऱ्या असतात तशा विद्यामंदिरालाही असावयाच्याच, असे गृहीत धरले. आणि ज्या मुलाला पायरी चढता येत नाही त्याचे काय, हा प्रश्न नकाशे मंजूर करणाऱ्या दफ्तरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी विचारला नाही.

सारा दोष संस्काराच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. मराठवाड्याची भूमी पुष्कळशी काळ्या मातीची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, अंगणात पाणी तुंबते, विंचूकाट्याचे भय असतेच. तेव्हा शहाण्या गवंड्याने जोते दीड-दोन फूट उचलून घेतले यात त्याचे व्यवहारज्ञानच होते. त्या जोत्यावर जाण्याचा मार्ग म्हणून पायऱ्यांखेरीज दुसरे काही त्याला सुचले नाही, याचे कारण असे की, शाळा ज्यांच्यासाठी बांधावयाची त्यांच्या गणतीत तसे मूल नव्हतेच. ते घरी होते, किंवा दूरच्या एखाद्या विशेष शाळेत. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत अंधांच्या शाळा निघाल्या तेव्हापासून वेगळी शाळा हाच दयेचा राजमार्ग ठरला. पुढे 1966 साली कोठारी आयोगाने अपंग मुलांचे शिक्षण सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचे अविभाज्य अंग असावे असे प्रतिपादन केले, 1974 साली केंद्र सरकारने त्यासाठी योजनाही काढली. इमारतीचा नकाशा मात्र होता तसाच राहिला.

कायद्याच्या बाबतीत आपण दरिद्री आहोत असे कोणी म्हणू नये. 1995 चा अपंग व्यक्तींविषयीचा अधिनियम झाला; 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोल्या, पिण्याचे पाणी आणि कुंपणभिंत यांच्याच पंक्तीत अडथळाविरहित प्रवेशाची अट आली; 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तर मापेही दिलेली आहेत: उतार एकास बारा याहून तीव्र नसावा, रुंदी 1800 मिलिमीटर असावी, दोन्ही बाजूंस दुहेरी कठडा असावा, प्रसाधनगृहाचे दार 900 मिलिमीटर मोकळे आणि बाहेर उघडणारे असावे. त्रैराशिक प्राथमिक शाळेतले आहे. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फुटांचा उतार लागतो. आता कित्येक शाळांच्या दारी काय आढळते ते पाहावे: पायऱ्यांच्या कडेला सहा-सात फुटांत उरकलेला सिमेंटचा घसरडा तुकडा, ज्यावरून चाकाची खुर्ची दोघांनी मागून रेटल्यावाचून चढत नाही आणि उतरताना पुढे कोसळण्याची धास्ती वाटते. तो इमारतीमागून कैक वर्षांनी, उथळ पायावर बांधलेला असला, तर काही पावसाळ्यांत काळी माती त्याला जोत्यापासून विलग करते. मध्ये चार बोटांची फट पडते, आणि खुर्चीचे पुढचे लहान चाक अडकावयास तेवढी पुरेशी होते. तपासनिसाच्या तक्त्यात मात्र ‘रॅम्प: आहे’ असा शेरा पडतो, आणि दुर्दैव हे की, शेरा खोटाही नसतो.

सुगमता मोजावयाची ती मुलाच्या दिवसभराच्या वाटचालीवरून. आपण ती वस्तूंच्या गणतीने मोजतो, आणि साऱ्या घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. मोठे फाटक बंद करून नुसती दिंडी उघडी ठेवली की तिचा उंबरठा आडवा येतो. उंबरठा ओलांडला तर मैदानातली खडी. खडीतून वर्ग गाठला तर बाकांच्या रांगांत खुर्चीला जागा नाही. नळाची तोटी हात पोहोचणार नाही इतकी उंच. आणि मुतारी तर बहुधा आवाराच्या पार टोकाला. यांतील एक दुवा निखळला की उरलेले सारे व्यर्थ होतात. ज्या मुलीला शाळेत प्रसाधनगृह वापरता येत नाही, ती सकाळपासून पाणी पिण्याचे टाळते, आणि ही गोष्ट ती शिक्षकांना सांगत नाही. ती कोणत्याही तक्त्यात येत नाही.

वरच्या इयत्ता वरच्या मजल्यावर, ही आपल्या माध्यमिक शाळांची अलिखित वहिवाट आहे. धाकटी मुले खाली, दहावीचा वर्ग आणि प्रयोगशाळा वर. आईच्या कडेवरून पहिलीत आलेले मूल आठवीपर्यंत तळमजल्यावर कसेबसे निभावते, आणि नेमके अंगाने वाढून कोणाच्या कडेवर मावेनासे झाले की त्याचा वर्ग जिना चढतो. मित्राला पाठंगुळी घेऊन जिना चढणाऱ्या मुलांची छायाचित्रे अधूनमधून वृत्तपत्रांत येतात, आणि वाचकांचे डोळे पाणावतात. त्या मुलांच्या स्नेहाविषयी मला नितांत आदर आहे. परंतु जिन्याची जबाबदारी वर्गमित्राच्या पाठीवर टाकून शाळेने स्वतःची सुटका करून घेतली, हे त्या छायाचित्रात दिसत नाही. शिवाय तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला कोणी उचलून न्यावे? तिच्या घरचे हा प्रश्न बोलून दाखवत नाहीत, शाळेतून नाव काढून घेतात. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील पाच ते एकोणीस वयाच्या दिव्यांग मुलांपैकी 27 टक्के मुलांनी शाळेचे तोंडच पाहिले नव्हते, आणि 12 टक्के जाऊन परतली होती. परतलेल्यांमागे कारणे अनेक असणार, पण जिना त्यांत नाही असे मानावयास मी तयार नाही.

शिक्षणहक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने तीव्र वा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. काहींना तो खरोखर उपकारक आहे. पण ज्या शाळेला उतार बांधावयाचा नाही, तिच्या हाती ती एक सोयीची सबब पडते. याउलट कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे उदाहरण घ्यावे. ऐन तारुण्यात कमरेखालचे अंग लुळे पडून चाकाच्या खुर्चीवर खिळलेल्या या बाईंनी ‘हेल्पर्स ऑफ दि हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभारली, आणि तिच्या शाळेत अपंग व धडधाकट मुले एकत्र बसविली. इमारतीचा विचार खुर्चीवरून केला की काय घडते, याचा तो दाखला आहे.

आणि अडथळा पायरीचाच असतो असे नाही. अंध मुलाला व्हरांड्यात बाहेर उघडणारी खिडकीची झडप घातक ठरते, आणि पत्र्याच्या वर्गावर पाऊस पडू लागला की कमी ऐकू येणाऱ्या मुलाचा तास संपतोच.

2016 च्या अधिनियमाच्या कलम 44 अन्वये सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीस बांधकाम-परवानगीही मिळावयाची नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी, नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. ती जून 2022 मध्ये सरली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने, सुगमतेचे हे निकष नुसत्या शिफारशी राहून चालणार नाही, त्यांतील किमान निकष बंधनकारक करावेत, असा निर्वाळा दिला. परंतु दाखल्याचे हत्यार चालते ते दाखला मागणाऱ्यावर. छत्रपती संभाजीनगरच्या गुंठेवारी वसाहतींत अरुंद भूखंडांवर, नकाशाची मंजुरी न घेताच जी घरे उठली, त्यांतल्या एखाद्या घराच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या शाळेला चोवीस फूट कोठून आणावयाचे? तेथे बांधकाम नियमित करतानाच, तळमजल्यावर निदान एक वर्ग आणि एक प्रसाधनगृह असल्याखेरीज शाळेच्या मान्यतेचे नूतनीकरण होणार नाही, अशी अट घातली पाहिजे, असे माझे मत आहे.

त्याहून स्वस्त उपाय मुख्याध्यापकाच्या हाती आजही आहे. दहावीचा वर्ग खाली आणून पाचवीचा वर पाठवावयास ना निधी लागतो, ना शासननिर्णय. मे महिन्यात वर्गांवरच्या पाट्या बदलल्या की काम झाले. त्यासाठी यंदा कोणते मूल यावयाचे आहे हे मात्र मे महिन्यातच ठाऊक असावयास हवे, आणि म्हणून पटनोंदणीला घरोघर फिरणाऱ्या शिक्षकाने ओसरीवर खेळणाऱ्या मुलांची नावे टिपून परत न फिरता, आत कोणी आहे काय, तेही विचारावे.