रात्रपाळीनंतरची झोप

१ जुलै २०२३ ची पहाट बुलढाणा जिल्हा विसरणार नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यातल्या पिंपळखुट्याजवळ उलटली, पेटली आणि २५ माणसं होरपळून गेली. मृतदेह बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आणले. कोण कुणाचं, हे ओळखणं जवळजवळ अशक्य होतं. दुसऱ्या दिवशी शहरातच २४ जणांवर सामूहिक अंत्यसंस्कार झाले. सगळा जिल्हा हळहळला. मात्र शवागाराच्या दारात ज्यांनी ते देह उतरवून घेतले, शवविच्छेदन केलं, फरशी धुतली, ती माणसं त्या रात्री घरी जाऊन जेवली असतील का, झोपली असतील का, हे मला फार उशिरा सुचलं. सोमवारी सकाळी केसपेपरच्या खिडकीशी पुन्हा रांग लागलीच असणार, आणि त्या रांगेला याच माणसांकडून नेहमीचं काम हवं होतं. आपल्यापैकी कुणी त्यांची विचारपूस केली नाही. मीही केली नाही, आणि ती बोच अजून जात नाही.

असं का होतं, याचा विचार करताना मी ‘सेवा’ या शब्दापाशी येऊन थांबतो. आपल्या जिल्ह्याला हा शब्द कुणी शिकवायला नको. शेगावी गजानन महाराजांच्या मंदिरात पांढऱ्या पोशाखातले सेवाधारी भाविकांना ‘माउली’ म्हणत रांगेत पुढे नेतात. गावोगावचे लोक आपली पाळी कधी येते याची वाट पाहतात. त्या सेवेपुढे मीही हात जोडतो. पण तिथला सेवाधारी ठरलेले दिवस सेवा करतो आणि आपल्या शेताकडे, आपल्या घरी परततो. त्याची चूल त्या सेवेवर पेटत नाही. रुग्णालयातल्या परिचारिकेची, कक्षसेवकाची, सफाईच्या मावशींची चूल मात्र त्याच कामावर पेटते, आणि ते काम वर्षानुवर्षं चालतं. त्यांच्या कामाला आपण सेवा म्हणतो तेव्हा मान देतो असं वाटतं. प्रत्यक्षात त्या शब्दाच्या आडून पगार, सुट्टी, झोप, सुरक्षितता हे सगळं मागायचीच त्यांना चोरी होते. सेवा करणाऱ्यानं हिशेब मागू नये, असं आपल्या मनात कुठेतरी पक्कं बसलेलं आहे. मला हे अन्यायाचं वाटतं.

काही वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन मी एका सरकारी रुग्णालयात चार रात्री काढल्या. वॉर्डात तिसाच्या आसपास खाटा, काही रुग्ण खाली गादीवर, आणि रात्रभर एकच सिस्टर. टेबलावर रिपोर्ट बुक उघडं, त्याच्या शेजारी स्टीलचा डबा, आणि डब्याभोवती घडी केलेला रुमाल तसाच बांधलेला. वडिलांच्या शेजारच्या खाटेवरच्या आजींनी साडेअकराच्या सुमाराला विचारलं, “माय, तू जेवली का वो?” “जेवते ना आजी, सहा नंबरचं सलाईन बदलते न् जेवते.” सहा नंबरनंतर चौदा नंबरला दम लागला. मग एक अपघाताची केस आली, सोबत दहा-बारा जण आणि त्यांचा आरडाओरडा. त्यातल्या एकानं सिस्टरच्या अंगावर बोट नाचवलं. ती एक पाऊल मागे सरली, हातातला ट्रे मात्र हलू दिला नाही. पहाटे मी चहाला निघालो तेव्हा रुमालाची गाठ तशीच होती.

भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगतं की सर्वसाधारण रुग्णालयात ५ खाटांमागे १ परिचारिका हवी, शिकवण्याच्या रुग्णालयात ३ खाटांमागे १. त्यापुढची ओळ मला जास्त मोलाची वाटते: या संख्येवर ३० टक्के जागा रजेसाठी राखीव. ज्यानं कुणी ही ओळ घातली, त्याला ठाऊक होतं की परिचारिकेलाही ताप येतो, तिचंही बाळंतपण असतं, तिच्याही आईचं दहावं-तेरावं असतं. पदं रिकामी राहिली की सगळ्यात आधी हीच माणुसकी गिळली जाते. मग एकीनं रजा घेतली की दुसरीला डबल ड्युटी. रजा मागणारी अपराधी चेहऱ्यानं अर्ज देते आणि मैत्रिणीच्या नजरेला नजर देत नाही. माणसं नोकरी सोडतात ती पुष्कळदा अशा कोंडीतून.

कंत्राटाचं दुखणं त्याहून खोल. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग खंड, मग पुन्हा ऑर्डर. अशा ऑर्डरवर बँक घरासाठी कर्ज देताना दहादा विचार करते, आणि मुलगी दाखवतानाही ‘परमनंट आहे का’ हाच पहिला प्रश्न असतो. १० वर्षं झालेल्यांना कायम करण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कर्मचाऱ्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभर संपावर जावं लागलं. लस, टीबीच्या गोळ्या, नवजात बाळांची काळजी ज्यांच्या हाती दिली, त्यांना उद्याची खात्री द्यायला आपण इतकी वर्षं लावतो.

पण सगळं शासनावर ढकलून मोकळं होता येत नाही. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण थाळ्या वाजवल्या. त्यानंतर काही दिवसांतच देशातल्या अनेक शहरांत परिचारिकांना, डॉक्टरांना घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितल्या. तो निर्णय मंत्रालयात झाला नव्हता. तो तुमच्या-माझ्यासारख्यांच्या ओसरीवर झाला होता.

बुलढाण्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. २०२४ मध्ये १०० जागांची पहिली तुकडी सुरू झाली. ही मुलं साधारण २०३० मध्ये डॉक्टर होतील, बंधपत्राचं एक वर्ष सरकारी सेवेत काढतील, आणि मग जायचं की राहायचं हे ठरवतील. जिल्ह्याचं हे ठिकाण घाटावर. रेल्वे पकडायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं. बायकोला किंवा नवऱ्याला इथे काम मिळेल का, मुलांची शाळा, पाणी किती दिवसांआड, क्वार्टरला ओल आहे का, यावर त्यांचा निर्णय होईल. घाटाखाली संग्रामपूर, जळगाव जामोदला सातपुड्याच्या पायथ्याशी तर हे प्रश्न आणखी टोकदार. बंधपत्रानं माणूस वर्षभर थांबतो. त्यानंतर त्याला थांबवायचं तर गावानं थोडं सरकून त्याच्यासाठी जागा करावी लागते.

आमच्या गल्लीत एका काकूंनी वरची खोली रात्रपाळी करणाऱ्या एका सिस्टरला दिली आहे. सुरुवातीला शेजारच्यांनी नाकं मुरडली, रात्री-बेरात्रीचं येणंजाणं म्हणून. काकूंनी फाटकाला बाहेरूनही उघडणारी कडी बसवून घेतली. मिक्सर त्या आता दुपारी चारनंतरच लावतात, आणि सकाळी दहाला भाजीवाला आला की ओट्यावर येऊन वरच्या खिडकीकडे बोट दाखवतात. तो हाताची मूठ ओठांवर ठेवतो आणि गल्लीच्या टोकापर्यंत गाडी न ओरडता ढकलत नेतो.