रात्रीची जाग कोणाची?

वृद्ध आईवडिलांच्या उशाशी रात्रभर बसण्यासाठी पगारी बाई ठेवणे, हे कर्तव्य पार पाडणे की टाळणे? २००७ च्या निर्वाह व कल्याण कायद्याने निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय देखभाल व उपचार गणले. रात्रीच्या सोबतीचा त्यात उल्लेख नाही. दिवसभर नोकरी करणाऱ्या मुला-सुनेने रोज जागावे, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. मात्र पैशाने जाग मिळते. जिव्हाळा आपणच द्यायचा.

आपल्या सुरतेत ही बाई अनेकदा लिंबायत-उधन्याकडची खानदेशी असते. मध्यरात्री गोंधळून उठलेल्या आजींना मराठीत धीर देणारी तीच. तिच्याही घरी कुणी म्हातारे माणूस तिच्याविना निजलेले असू शकते. तिला रास्त वेतन व आठवड्याची सुटी द्यावी आणि त्या रात्री आपण जागावे. तरच कर्तव्य आपले राहते.