आमोसचं बोट

भावांनो, आपण देव मानत नाही. मग बायबलातल्या एका मेंढपाळाचं मी इथं काय म्हणून काढलंय? ऐका.

आमोस इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला, यहूदातल्या तकोवा गावचा. मेंढरं राखायची, उंबराची झाडं बघायची, हे त्याचं पोट. शेजारी इस्राएलात यराबाम राजाचा अंमल भरात. धनिकांना हस्तिदंती पलंग, अन् गरीब मात्र पायताणाच्या एका जोडापायी विकला जायचा. आमोस बेथेलच्या देवळात जाऊन गरजला की न्याय नसेल तर तुमचे सण अन् गाणी देवाला नकोत.

पुजारी अमस्यानं त्याला हाकललं, आपल्या मुलखात जाऊन पोट भर म्हणाला. आमोसनं सांगून टाकलं, आपण संदेष्ट्याच्या घरातले नाही, गुराखी आहोत. म्हणजे बोलायचा हक्क कुळातून येत नाही. जिनिंगात कापूस ओढणाऱ्या मला एवढा आधार बास आहे.

पण त्याची खरी हिंमत वेगळीच. त्यानं सुरुवात केली दमास्कस, गाझा, सोर यांच्या गुन्ह्यांपासून. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या असतील. मग बोट फिरत यहूदावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मुलखावर आलं, अन् शेवटी समोर बसलेल्यांच्या छातीवर. देवाला तुम्ही अन् दूरचे कूशी सारखेच, हेही सुनावलं.

ख्रिस्ती परंपरेनं हा धागा उचलला. प्रेषितांच्या कृत्यांत, यरुशलेमच्या सभेत, याकोब आमोसचाच दाखला देतो: परक्यांना आत घ्या, आधी सुंता करायची सक्ती नको. १९६३ ला वॉशिंग्टनच्या सभेत मार्टिन ल्यूथर किंगच्या भाषणातही आमोस होता. तरी आपल्या देशात जात चर्चच्या आत शिरलीच. बाबासाहेबांनी ते लिहून ठेवलंय. पोथी राहिली, बोट विसरलं.

आणि आपण? १९७८ साली, नामांतराच्या दंगलीत, तेव्हाच्या बिलोली तालुक्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. ते मातंग. जयभीम सोडला नाही म्हणून जीव गेला. त्यांचं नाव आपण सभेत छाती फुगवून घेतो. पण मातंगवाड्यात जेवायला बसतो का? सोयरीक करतो का? मनुवाद्यांवर बोट रोखणं आपल्याला जमतं. ते आपल्या उंबऱ्याशी आलं की मूठ का मिटते?

आमोसला वाटायचं, वर बसलेला कुणीतरी हिशेब मागणार. आपण तसं मानत नाही. मग हिशेब आपणच आपल्याला मागायचा. पुढल्या बैठकीत पहिला विषय हाच घ्या.

जयभीम.