घराची पूररेषा

कृष्णा आणि पंचगंगेच्या काठावरच्या घरांत पावसाळ्यात दोन आकड्यांची रोज चौकशी होते. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर किती? आयर्विनला इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. राजाराम बंधाऱ्यावर त्याच पातळ्या ३९ आणि ४३. आकडा घरातल्या पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतो. तो अमुक झाला की आपल्या घराने काय करायचे, हे मात्र फार थोड्या घरांत ठरलेले असते. घराची आपत्तीची तयारी मुख्यतः या ठरवण्यातच आहे. सामानाची पिशवी त्यानंतरची.

ठरवणे अवघड जाते ते आठवणीमुळे. २००५ च्या महापुरात आयर्विनजवळ पाणी ५४ फुटांच्या आसपास गेले होते. ते कोणत्या पायरीपर्यंत आले, कोणत्या भिंतीवर त्याची खूण राहिली, हे गल्लीगल्लीत पाठ होते. तेवढे आले तरी आपल्या उंबऱ्याला लागत नाही, या हिशेबावर २०१९ च्या ऑगस्टमध्ये कितीतरी कुटुंबे घरातच थांबली. पाणी ५७ फुटांवर गेले. जुनी खूण खोटी नव्हती. ती एका पुराची नोंद होती, आणि लोकांनी तिला नदीची मर्यादा मानले. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला गावकऱ्यांना बाहेर काढणारी, क्षमतेपेक्षा जास्त माणसांनी भरलेली नाव उलटली आणि अनेकांचे जीव गेले. रस्ता कोरडा असताना जी वाट चालत कापता येते, तीच उशीर झाला की नावेवर विसंबते.

नकाशावरच्या रेषांचाही असाच गैरसमज होतो. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ एक महापूर येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त, असा नाही. लाल रेषेवरच्या घराला दर वर्षी शंभरात एक इतका धोका असतो, म्हणजे तीस वर्षांत तो २६ टक्क्यांवर जातो. निळ्या रेषेवरच्या घराला तीस वर्षांत किमान एकदा पूर लागण्याची शक्यता ७० टक्के. घर बांधणारा माणूस साधारण एवढाच काळ डोळ्यांसमोर ठेवतो.

पुरात निघायला जी सवड मिळते, ती भूकंपात नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. तिथे तयारी म्हणजे घराचे बांधकामच. कृष्णेचा पूर मात्र चढायला वेळ घेतो, आणि ही सवड वापरणे पूर्णपणे घराच्या हातात आहे.

म्हणून प्रत्येक घराने आपली पातळी उन्हाळ्यातच ठरवावी. आयर्विनला किती फूट झाले की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते, हे जुन्या माणसांकडून आणि मागच्या पुरांवरून कळते. त्याच्या तीन-चार फूट आधी सामान माळ्यावर, दोन फूट आधी म्हातारी माणसे आणि लहान मुले नातेवाइकांकडे, असा क्रम लावता येतो. कोणाकडे जायचे हेही तेव्हाच बोलून ठेवावे. खेड्यात निर्णय अडतो तो गोठ्यापाशी. म्हैस दावणीला असताना घरधनी निघत नाही, आणि त्याला हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे, कारण वर्षाची मिळकत तिथेच बांधलेली असते. जनावरे माणसांच्या आधी हलवली आणि वैरणीची सोय उंचावर केली, तरच माणसे वेळेवर निघतात.

सामानात पहिला मान पाण्याचा. २०१९ मध्ये उपसा केंद्रे बुडाल्याने कोल्हापूर शहराचा पाणीपुरवठा बंद पडला, आणि शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद राहिल्याने दूध-पेट्रोलही अडले. पाणी न शिरलेल्या घरांनाही याची झळ बसली. पिण्यापुरते माणशी रोज तीन लिटर धरले, तर पाच जणांना पाच दिवसांसाठी ७५ लिटर लागते. रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन, बॅटरी, चार्ज केलेला मोबाइल, रोख पैसे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रे ही बाकीची गरज. सातबारा पुन्हा काढता येतो. शाळेचा दाखला आणि जुने खरेदीखत मिळवताना हाल होतात.

निघताना मेन स्विच बंद करावा, आणि रेग्युलेटर काढून सिलिंडर उंचावर बांधून ठेवावा, कारण तो पाण्यावर तरंगतो. परतल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. कपाटामागे, अडगळीत साप असू शकतो, म्हणून हात घालण्याआधी काठीने चाचपावे. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशा जखमेतून शिरतो. विहिरीचे पाणी शुद्ध करून घेईपर्यंत उकळूनच प्यावे. आणि गाळ उपसण्याआधी भिंतीवरची पाण्याची खूण व भिजलेले सामान यांचे फोटो काढावेत, कारण पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत घर बहुधा धुऊन झालेले असते.